विश्लेषण : बाळ अजून चालत नाही, बोलत नाही… थांबून पाहायचे की दाखवायचे?

दीड वर्षाचे मूल. हाक मारली की कधी वळून बघते, कधी नाही. ‘मम्मा’ म्हणते, पण ते आईला उद्देशून की नुसताच आवाज, हे नक्की सांगता येत नाही. सोसायटीतले त्याच्याच वयाचे दुसरे मूल चक्क ‘भूभू बघ’ म्हणायला लागलेले. आई रात्री फोनवर शोधत बसते आणि दहा मिनिटांत तिची झोप उडते. सकाळी सासूबाई म्हणतात, ‘‘अगं, ह्याचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. आता बघ, कुणाला बोलू देतो का?’’

असा संवाद बहुतेक घरांत कधी ना कधी होतो. दोघींचेही थोडे थोडे बरोबर असते. मुलांच्या वाढीचा वेग सारखा नसतो, हे आजींना अनुभवाने माहीत असते. मात्र काही उशीर असे असतात की त्यात गेलेले सहा महिने नंतर भरून काढायला फार जड जातात. कोणता उशीर कुठल्या जातीचा, हे घरबसल्या किती ओळखता येते?

बसणे, उभे राहणे, चालणे याचे ‘बरोबर वय’ कोणते?

एकच वय नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या मुलांच्या हालचालींचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चांगले पोषण आणि काळजी मिळालेली निरोगी मुलेच त्यात घेतली होती. तरीही आधाराशिवाय बसण्याचे वय ३.८ महिन्यांपासून ९.२ महिन्यांपर्यंत पसरलेले आढळले. आधार न घेता चालणे ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत. म्हणजे एका घरातले मूल पहिल्या वाढदिवसाआधी दुडुदुडु धावते आणि शेजारचे सतराव्या महिन्यात पहिले पाऊल टाकते, तरी दोन्ही ठीक असू शकतात.

त्यामुळे ‘सरासरी वय’ पाहून घाबरण्यात अर्थ नाही. सरासरी म्हणजे निम्मी मुले त्याच्या मागे असणारच. पाहायची असते ती शेवटची मर्यादा. तीन महिने उलटूनही आपल्याकडे पाहून हसत नाही, पाच महिन्यांतही मान धरत नाही, नऊ-दहा महिन्यांत बसत नाही, दीड वर्षात चालत नाही, तर मूल डॉक्टरांना दाखवायचे. पुढच्या लसीची वाट पाहायची नाही.

एक खूण मात्र लवकर दिसते म्हणून निसटते. वर्षाच्या आतले बाळ प्रत्येक वस्तू एकाच हाताने घेत असेल, तर घरात ‘डावखुरा होणार बघा’ म्हणून कौतुक होते. खरे तर इतक्या लहान वयात हात ठरत नाही. दुसऱ्या हाताची ताकद कमी आहे का, हे तपासून घ्यावे लागते.

मूल अपुऱ्या दिवसांचे असेल तर हिशेब बदलतो. दोन महिने आधी जन्मलेल्या आणि आज आठ महिन्यांच्या असलेल्या बाळाकडून सहा महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा करायची. दोन वर्षांचे होईपर्यंत असेच मोजतात. लसी मात्र जन्मतारखेनुसारच द्यायच्या. अनेक घरांत नेमके उलटे होते. टप्पे जन्मतारखेने मोजून धास्ती घेतात आणि ‘नाजूक आहे’ म्हणून लस पुढे ढकलतात.

रांगलेच नाही तर?

तर बहुधा काही बिघडत नाही. वर सांगितलेल्या अभ्यासातली ४.३ टक्के मुले हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. कुणी पोटावर सरपटते, कुणी बसल्या बसल्या बुडावर सरकते. सरकणारी मुले चालायलाही जरा उशीर करतात. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये आपली टप्प्यांची यादी सुधारली, तेव्हा ‘रांगणे’ त्यातून काढूनच टाकले. त्याच सुधारणेत प्रत्येक टप्पा ७५ टक्के मुले गाठतात त्या वयाला ठेवला गेला. पूर्वी हे प्रमाण निम्म्याच्या आसपास धरले जाई. शब्दांच्या बाबतीत ही यादी फार सैल झाली, अशी टीका वाचातज्ज्ञांनी केली. ती रास्त वाटते. चालण्याला जितकी मोकळीक देता येते तितकी बोलण्याला देता येत नाही. त्याकडे पुढे येऊ.

आधी वॉकरबद्दल. बारशाला किंवा उष्टावणाला आलेल्या भेटींत तो हमखास असतो. त्यात बसवलेले बाळ पायाच्या बोटांवर ढकलत फिरते. तोल सांभाळणे, पडणे, उठणे हे सगळे वॉकरच करतो, म्हणून बाळ ते शिकत नाही. शिवाय पायरी, गॅसची शेगडी, उकळता चहा यांच्यापर्यंत ते नको इतक्या वेगाने पोहोचते. कॅनडाने तर २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. आपल्याकडचा जुना लाकडी पांगुळगाडा यापेक्षा शहाणा होता. त्यात बाळ बसत नाही, मागे उभे राहून आपल्या पायांवर तो ढकलते. लक्ष ठेवले तर तो आजही चालेल.

चालायला उशीर म्हणजे हाडे कच्ची?

कधी कधी. मुडदूस हा आपल्याकडे अजून भेटणारा आजार आहे. ड जीवनसत्त्व कमी पडते आणि हाडे मऊ राहतात. मनगटे रुंद दिसतात, टाळू भरायला वेळ लागतो, दात उशिरा येतात, चालू लागल्यावर पाय धनुष्यासारखे वाकतात. (दोन वर्षांपर्यंत पाय थोडे वाकलेले आणि नंतर तीन-चार वर्षांचे असताना गुडघे एकमेकांना लागणे, हे बहुतेक मुलांत आपोआप सरळ होते.) आईच्या दुधात ड जीवनसत्त्व फारच थोडे असते. म्हणून बालरोगतज्ज्ञ जन्मापासून वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब देतात. बाजारात वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या मिळतात. एकीत १ मिलीमध्ये ४०० युनिट, तर दुसरीत ८००. बाटली बदलली की मात्रा विचारून घ्यावी.

दीड वर्ष उलटूनही मुलगा चालत नसेल, तर डॉक्टर रक्ताची एक साधी तपासणी सांगू शकतात. स्नायूंचा एक अनुवंशिक आजार मुख्यतः मुलग्यांना होतो आणि तो त्यात कळतो. अशी तपासणी सांगितली म्हणून हादरून जाऊ नये. बहुतेकांची ती ठीक येते.

‘ह्याचा बापही उशिराच बोलला’ हे कितपत खरे?

घराण्यात उशिरा बोलण्याची प्रवृत्ती असते, मुलगे मुलींपेक्षा किंचित उशिरा बोलतात आणि उशिरा बोलणाऱ्यांपैकी बरीच मुले पुढे बरोबरीला येतात, हे तिन्ही खरे. पण अडचण अशी की, दोन वर्षांच्या वयात कोणते मूल आपोआप बरोबरीला येणार आणि कोणते नाही, हे खात्रीने सांगण्याची युक्ती कुणाकडेच नाही. बाबांचे उदाहरण सांगणाऱ्यांना फक्त बोलू लागलेला मुलगा आठवतो. त्याच गल्लीत जो बोललाच नाही, त्याची गोष्ट कुणी सांगत नाही.

शब्द मोजण्याआधी खुणा मोजा, असा सल्ला अनुभवी डॉक्टर देतात. वर्षाचे बाळ हात हलवून टाटा करते का? हवी ती वस्तू बोटाने दाखवते का? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नको असलेली, नुसती आवडलेली गोष्ट दाखवते का? खिडकीतून चंद्र किंवा कावळा दिसला की बोट करून ते आधी तिकडे बघते आणि मग आपल्याकडे बघते. ‘तूपण बघ ना’ हे त्याचे शब्दांआधीचे बोलणे असते. ते दिसत असेल, सांगितलेले समजत असेल, ‘बाबांची चप्पल आण’ म्हटल्यावर आणत असेल, तर शब्दांचा थोडा उशीर फारसा गंभीर नसण्याची शक्यता जास्त.

उलट वर्षभरात बडबड आणि खुणा दोन्ही नाहीत, सोळा-अठरा महिन्यांत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांत ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ अशी दोन शब्दांची जोडणी नाही, तर थांबू नये. ऐकून म्हटलेले गाणे किंवा जाहिरातीतले वाक्य यात धरायचे नाही. स्वतःचे म्हणणे सांगण्यासाठी जोडलेले शब्द हवेत.

उशीर होऊ लागला की उपाय सुचवणारे खूप भेटतात. कुठे पोपटाने उष्टावलेला पेरू खाऊ घालतात, कुठे ‘जीभ जड आहे, खालची तार कापून आणा’ सांगतात. जिभेखालचा पडदा आखूड असला तर अंगावर पिताना त्रास होतो किंवा काही उच्चार अडतात. त्यामुळे मूल बोलायचेच थांबते, असे नाही. घरात दोन-तीन भाषा असल्यानेही बोलणे खुंटत नाही. आई मराठी, सांभाळणाऱ्या मावशी हिंदी, नर्सरी इंग्रजी, अशी स्थिती असेल तर सगळ्या भाषांतले शब्द एकत्र मोजायचे. मूल बोलत नाही म्हणून घरातली मराठी बंद करण्याचा सल्ला मिळतो, तो मानू नये. आईवडिलांना जी भाषा सहज येते तिच्यातच मुलाशी भरपूर बोलणे होते.

ताट पाडले की दचकते, म्हणजे कान चांगले?

इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. जगभरात दर हजार बाळांमागे साधारण एक ते तीन बाळांना जन्मतः ऐकू येण्यात मोठा दोष असतो. कमी ऐकू येणारे मूल ताटाच्या आवाजाला दचकू शकते, दार आपटल्याच्या हादऱ्याला वळू शकते, पण ‘स’, ‘फ’, ‘त’ असे हलके ध्वनी त्याला पोहोचतच नाहीत. अजिबात ऐकू न येणारे बाळही पहिले काही महिने हुंकारते, आवाज काढते. त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. ‘बाबाबा, दादादा’ अशी लयबद्ध बडबड मात्र त्याला नीट जमत नाही किंवा फार उशिरा येते. तोवर सात-आठ महिने उलटलेले असतात.

नवजात बाळाची कानाची ओएई तपासणी झोपेत, काही मिनिटांत, सुई न टोचता होते. शंका आली तर बेरा नावाची दुसरी तपासणी असते. जगभर मानला जाणारा हिशेब साधा आहे. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा उपचार सुरू. मेंदूतली भाषेची जागा पहिल्या काही वर्षांत घडते. त्या काळात आवाज पोहोचला नाही, तर नंतर यंत्र लावूनही भाषा कष्टाने येते. काचेच्या पेटीत बरेच दिवस राहिलेले, तीव्र कावीळ झालेले, फार कमी वजनाचे किंवा मेंदूज्वर होऊन गेलेले बाळ असेल, तर ही तपासणी चुकवू नये. घरात आधी कुणाला जन्मतः ऐकू येत नसेल किंवा आईवडील नात्यातले असतील तरीही. बोलायला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाची पहिली तपासणी कानाचीच, मग ते दचकत असो वा नसो. श्रवणदोषासाठीची राष्ट्रीय संस्था, अली यावर जंग यांच्या नावाची, मुंबईत वांद्रे येथे आहे.

मोबाइलमुळे बोलत नाही का?

मोबाइल हा प्रत्येक उशिराचा गुन्हेगार नाही. पण तो मुलाच्या समोरचा माणूस काढून घेतो, आणि बोलणे माणसाकडूनच शिकता येते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन नकोच, आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने. घास भरवताना गाणी लावून देणाऱ्या घरांना हे अशक्य वाटते. जेवणाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाहावा. दोन-तीन दिवस घर डोक्यावर घेते, पुढे बरेचसे निवळते. दोन आठवडे फोन बंद करूनही मूल नजर देत नसेल, तर ‘फोनमुळेच होते’ म्हणत आणखी थांबू नये.

येत होते ते बंद झाले तर?

ही गोष्ट या लेखात सर्वांत गंभीर. बोलत होते ते शब्द गेले, टाटा करायचे थांबले, बसणारे मूल आता कलंडते, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. यामागे स्वमग्नता असू शकते, न दिसणारी आकडी असू शकते, इतर आजारही असू शकतात.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे आणि ते बरे होणारे आहे. आई शुद्ध शाकाहारी, दूध-दहीही जेमतेम घेणारी. तिच्याच शरीरात ब-१२ कमी, म्हणून दुधातही कमी. बाळ वर्षभर केवळ अंगावर, वरचे अन्न नावापुरते. असे बाळ दिसायला गुटगुटीत असू शकते. पण हळूहळू हसणे कमी होते, नजर मंद होते, बोटांच्या पेरांवर काळपटपणा येतो, केस विरळ आणि भुरकट होतात, पुढे हात-मान थरथरू लागते. घरात ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठ-मोहऱ्या उतरतात. ब-१२ सुरू केल्यावर अशी मुले काही दिवसांत हसू लागतात. मात्र फार उशीर झालेल्यांत शिकण्यातली अडचण मागे राहू शकते. गरोदर शाकाहारी आईने ब-१२ ची चौकशी आधीच करावी.

रक्तक्षयही असाच गुपचूप वाढ खातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी देशात ६७.१ टक्के आणि महाराष्ट्रात ६८.९ टक्के मुलांत रक्त कमी आढळले. दिवसभर गाईम्हशीचे दूध पिणारे आणि जेवण टाळणारे मूल यात हमखास सापडते. आशाताई लोहाचे सिरप देतात, आठवड्यातून दोनदा १ मिली. शी काळी होते म्हणून ते कपाटात पडून राहते. काळी शी हा त्या औषधाचा नेहमीचा परिणाम आहे, अपाय नाही.

ताप, खोकला, जुलाबात घाई कधी?

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर घरी औषध देऊन वाट पाहायची नाही. त्याहून मोठे मूल ताप उतरल्यावर खेळते, पिते, तर एखादा दिवस पाहता येते.

तापात आकडी येते तेव्हा घर हादरते. सहा महिने ते पाच वर्षांच्या दरम्यान साधारण शंभरात दोन ते पाच मुलांना ती येते आणि बहुतेकांच्या मेंदूला काही इजा होत नाही. मूल कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. चमचा तोंडात घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवत बसू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, तर थेट रुग्णालय. थांबली तरी पहिली वेळ असेल तर दाखवून यायचेच.

खोकल्यात आवाजापेक्षा श्वास पाहावा. मूल शांत किंवा झोपलेले असताना अंगरखा वर करा, फोनमधले स्टॉपवॉच लावा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, तर न्यूमोनियाची शंका धरून निघायचे. खोकल्याचे औषध मात्र दुकानातून आणून पाजू नये. मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात दूषित सिरपमुळे बालकांचे मृत्यू झाल्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, असे पुन्हा बजावले.

जुलाबांचे खापर दातांवर फोडायची जुनी सवय आहे. दात येताना मूल सापडेल ते तोंडात घालते, जंतू त्यातून जातात. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात एकदम विरघळवायचे, अर्धे-अर्धे करायचे नाही. सोबत १४ दिवस झिंक. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण करायच्या. बाळगुटी देणाऱ्यांसाठी एवढेच की, वर्षाच्या आत त्यात मध नको.

तपासणी कुठे होते, खर्च किती?

याच कामासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे आणि त्याची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमधूनच झाली. या कार्यक्रमाचे पथक प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. पथकात दोन डॉक्टर असतात. जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि वाढीतला उशीर अशा चारही गोष्टी पाहतात. पुढची गरज असेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, वाचातज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसतज्ज्ञ एका छताखाली असणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात काही जागा रिकाम्या असतात आणि वाचातज्ज्ञाची तारीख लांबची मिळते. म्हणून नाव आधी नोंदवून ठेवावे. शंका खोटी ठरली तर तारीख सोडून देता येते. तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

जाताना माता-बाल संरक्षण कार्ड न्यावे. त्यात वजनाचा आलेख असतो, आणि महिन्यागणिक टप्प्यांची चित्रे असलेले एक पान असते, जे बहुतेक घरांत कधी उघडले जात नाही. घरी मूल खेळत असताना काढलेली दोन मिनिटांची चित्रफीतही न्यावी. दवाखान्यात मूल रडते किंवा गप्प बसते आणि डॉक्टरांना जे पाहायचे ते दिसत नाही. पथक गावात येण्याची तारीख अंगणवाडी सेविकेला आधी कळते. त्या दिवशी मूल मामाच्या गावाला गेलेले नसावे, इतके पाहायचे.